पिशवीतलं साधं पाणी

ती. आईस,

तुला आणि बाबांना इथूनच वाकून नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते, उगाच जीवाला घोर लावून घेऊ नकोस.

काल आमच्या वॉर्डातल्या एक आजी थोडक्यात वाचल्या. त्यांचं सलाइन संपलं होतं, म्हणून नव्या नर्सने घाईघाईत दुसरी पिशवी आणून टांगली. दिसायला अगदी तशीच. ती नळी जोडत असताना मी सवयीने पिशवीवरचं नाव वाचलं, तर आत नुसतं शुद्ध पाणी! "अगं थांब!" मी ओरडलेच.

तू म्हणशील, पाण्याने काय होतंय? काकडीला मीठ लावलं की तिला पाणी सुटतं ना, त्याच्या उलट. रक्तातल्या पेशींना पातळ पडदा असतो. त्यातून पाणी सहज ये-जा करतं, आतले क्षार मात्र तसे बाहेर पडत नाहीत. बाहेर साधं पाणी असलं की ते आत शिरतच राहतं, पेशी फुगतात आणि फुटतात.

सगळ्यांनी पाठ थोपटली, पण त्यानंतर प्रत्येक पिशवीवरचं नाव मी दोनदा वाचत होते. आधी तुलाच सांगावंसं वाटलं. फोनवर रडूच फुटलं असतं, म्हणून लिहितेय.

बाबांच्या पायांची सूज उतरली का? खरं सांग, लपवू नकोस.

आजींना यातलं काहीच ठाऊक नाही. संध्याकाळी मी चादर नीट करताना त्यांनी हात धरून विचारलं, "तुझी आई कुठे असते गं?"

"लांब."

"मग बस जरा."

माझी ड्यूटी संपली होती. तरी त्यांचा डोळा लागेपर्यंत मी हात सोडवून घेतला नाही.

तुझी,
धाकटी