मामाला न मानवलेलं औषध

सुवाउकी,
९ मार्च, रविवार

प्रिय क्लेमेन्स मामा,

तुला आणि तेओदोरा मामीला नमस्कार. मी बरी आहे. इथे रस्त्यावरचा बर्फ संपत आलाय, पण तलावावर अजून चार म्हातारे भोकं पाडून मासे धरत बसतात. त्यांतला एखादा या आठवड्यात आमच्या रुग्णवाहिकेतून जाणार, असं रादोमिर रोज भाकीत करतो.

पत्र कशाला, फोन आहे की, असं तू म्हणशील. पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देशील तर शपथ! "हं, कळलं, कळलं," म्हणतोस आणि कुत्र्याच्या दाढेचं सांगायला लागतोस. पत्राला मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडशील. पण शेवटपर्यंत वाचून मग फाड, एवढं ऐक माझं.

मधाचं पार्सल पोचलं. मामीनं बरण्या तुझ्या लोकरी मोज्यांत घालून पाठवल्यात, त्यामुळे एकही फुटली नाही. एक बरणी रादोमिरनं लगेच पळवली. नऊ वर्षं रुग्णवाहिकेवर माझा जोडीदार आहे, त्यामुळे माझ्या वस्तूंवर आपला हक्क आहे असं तो धरूनच चालतो. "तुझ्या मामानं मला पाठवलीय, तू नुसती हमाल," म्हणाला. माझी बरणी मात्र मी अजून उघडलेली नाही. जुलैपासून तू पाठवलेली एकही उघडलेली नाही. तिसरी आहे ही.

परवा मामीचा फोन आला होता. ती बिचारी तुझी चहाडी करायला म्हणून बोलत नव्हती, घाबरली होती. मधमाशी चावली तर टोचून घ्यायला डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शनचं पेन तू आणलंच नाहीस म्हणे. मामीनं स्वतः जाऊन आणलं, तर ते दुकानात परत देऊन आलास. वर डिसेंबरात संत अंब्रोझच्या दिवशी, मधपाळांच्या जेवणात, पेला उंचावून भाषण ठोकलंस. तुझं वाक्य मामीनं मला जसंच्या तसं सांगितलं: "डंखानं मेलो नसतो, त्या औषधानं मेलो असतो! माझ्या भाचीनं मला ओढून काढलं म्हणून उभा आहे. ती पेनंबिनं चुलीत घाला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांतल्या फेलित्सिया बाईंनी दुसऱ्याच दिवशी आपलं पेन कपाटाच्या वरच्या खणात टाकलं, आणि आणखी दोघांनी नवं आणलंच नाही.

मामा, मामी हे सांगत होती तेव्हा मी कोबी चिरत होते. सुरी खाली ठेवली आणि तिथेच फरशीवर बसले. आता दोन-तीन आठवड्यांत ऊन पडेल, माश्या बाहेर येतील, आणि तू उघड्या हातांनी पेट्यांत जाशील. तुला मी ओळखत नाही का!

म्हणून आधी औषधाचं सांगते.

माशी चावल्यावर तुझ्यासारख्या अ‍ॅलर्जीवाल्या माणसाचा रक्तदाब धाडकन उतरतो आणि घसा आतून सुजतो. त्यावर अ‍ॅड्रिनलिनसारखं दुसरं औषध नाही. लसूण नाही, व्होदका नाही, आजीचा पाला तर नाहीच नाही. पण हे औषध घोड्यासारखं आहे, कुठून चढायचं ते ठरलेलं असतं. डंखासाठी ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यायचं. तिथून ते बेताबेतानं रक्तात जातं. हृदय बंद पडलेल्या माणसाला मात्र आम्ही तेच औषध, त्याच कुपीतून, थेट शिरेत देतो. हृदय थांबलेलंच असतं, त्याला लाथ मारूनच उठवावं लागतं. चालत्या हृदयाच्या माणसाला तीच लाथ शिरेतून बसली, तर काय होतं?

तेच, जे तुला झालं.

कुपी एकच, औषध एकच, फरक फक्त कुठे द्यायचं याचा. म्हणून आमच्याकडे शिरस्ता आहे. औषध भरलं की कुपी जोडीदाराच्या डोळ्यांसमोर धरायची आणि मोठ्यानं म्हणायचं: नाव काय, किती, कुठे. जोडीदारानं ते शब्दन् शब्द परत म्हणायचं, आणि मगच टोचायचं. परक्या माणसाला ऐकायला पोरखेळ वाटतो. रादोमिर तर पाळणाघरातल्या बाईंसारखा ठणकावून म्हणतो. मी त्याची टिंगल करायचे.

आणि दुसरा शिरस्ता असा की दुसरे हात असतील तर आपल्या माणसाला आपण सुई लावायची नाही.

जुलैतल्या त्या दिवशी सकाळपासून आम्ही दोघांना उठवायचा प्रयत्न करून आलो होतो. दोघांचीही हृदयं थांबलेली. सकाळभर माझा हात कुपी फोड, शिरेत दे, कुपी फोड, शिरेत दे, एवढंच करत होता. एकही वाचला नाही. दुपारी तुझ्या पत्त्यावर हाक आली. तू लिंडनच्या झाडाखाली पडला होतास, ओठ सुजून चेहरा ओळखू येईना. रादोमिर म्हणाला, "साबिना, तू डोकं धर. औषध मी देतो." मी त्याच्यावर खेकसले, "माझा मामा आहे तो!" जसं काही ते माझं प्रमाणपत्रच होतं.

सलाईनसाठी मी तुझ्या हातात सुई लावली होती. रादोमिर ऑक्सिजन जोडत होता. मी कुपी फोडली, निम्मं औषध भरलं. मोठ्यानं काही म्हटलं नाही. त्याला दाखवलं नाही. समोर शीर तयार होती आणि हात सकाळपासूनच्या सवयीनं तिकडेच गेला. मामा, मी ते शिरेत दिलं. मांडीत द्यायचं ते शिरेत दिलं.

रादोमिरनं वळून पाहिलं आणि ओरडला, "मांडी! अगं मांडी!" तोवर सिरिंज रिकामी झाली होती. तू माझी कॉलर धरलीस आणि म्हणालास, "साबिना, छाती फुटतेय." मॉनिटरवर जे दिसत होतं ते मी तुला सांगणार नाही. चार मिनिटं टिकलं ते. त्या चार मिनिटांत मी तुझा हात धरून नुसती बसले होते, बाकीचं सगळं रादोमिरनं केलं. तुला मी ओढून काढलं नाही, मामा. मी ढकललं होतं, आणि काढलं त्यानं.

रुग्णालयाच्या दारातच मी कुपी हातात धरून डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते न सांगून चाललंच नसतं, नाहीतर त्यांनी तुझ्यावर हृदयविकाराचे उपचार सुरू केले असते. लेखी दिलं. मला तीन आठवडे औषधाला हात लावू दिला नाही, आणि परत शिकाऊ मुलांबरोबर बाकावर बसवलं. तुम्हाला मी सांगितलं की सुट्टी काढलीय, घर रंगवतेय. तू तुझा चांगला ब्रश पाठवलास. तो अजून कोरडा आहे.

पण तुम्हा दोघांना मात्र बोलले नाही. "तू सांगतेस की मी सांगू?" असं डॉक्टर मला म्हणाले होते. मी सांगते म्हणाले, आणि तुझ्या खाटेजवळ आले, तर मामीनं माझे दोन्ही हात धरून त्यांचे मुके घेतले. त्याच हातांचे. तिथेच माझी जीभ टाळ्याला चिकटली ती आजपर्यंत. तू सगळ्यांना सांगत सुटलास की औषध तुला मानवत नाही, हृदय कच्चं आहे. मी प्रत्येक वेळी खाली बघत बसले.

तुझं हृदय कच्चं नाही. शिरेतला तो दणका पचवून धडधडतंय, त्याला कच्चं कोण म्हणेल? औषधही वाईट नाही. चूक माझ्या हाताची होती आणि नंतर माझ्या तोंडाची.

आता ऐक. पेन घेऊन ये. दोन आण. पेनानं शिरेत देताच येत नाही, ते बनवलंच तसं आहे. टोपी काढायची, मांडीच्या बाहेरच्या बाजूला विजारीवरूनच दाबायचं, त्यावर लिहिलंय तितकं मोजेपर्यंत धरून ठेवायचं. मग मामीनं लगेच ११२ ला फोन करायचा. तू आडवा हो, पाय उशीवर, आणि बरं वाटलं म्हणून उठून उभा राहू नकोस. श्वास अडकत असेल तर मात्र बसून राहा. पाच मिनिटांत उतार नाही पडला तर दुसरं पेन. हात थरथरतील, छाती थोडी धडधडेल. ती धडधड म्हणजे औषध लागू पडतंय, मरण येत नाहीये. पेनावरची मुदत बघत जा, आणि ते गाडीत उन्हात टाकू नकोस. पेट्यांकडे जाताना खिशातच हवं.

मला माफ कर असं लिहायला बसले होते, पण आधी पेन घे. माफीचं नंतर बघू. नाही केलीस तरी चालेल.

तुझी,
साबिना

*

लिप्न्याक,
२५ मार्च

चि. साबिना,

आशीर्वाद. तुझं पत्र बुधवारी आलं. मामीनं वाचून दाखवलं. मी पेट्यांच्या खोपटात जाऊन बसलो आणि दोन दिवस कुणाशी बोललो नाही. मामी म्हणते, चाळीस वर्षांत घरात एवढी शांतता नव्हती.

सुईचा राग नाही. हात चुकतो, माझाही चुकलाय. राग आठ महिन्यांचा आहे. आठ महिने मी हृदय फुटकं समजून सरपण फोडलं नाही. नातवाला उचललं नाही. जिना चढताना, पडलो तर तिच्या अंगावर नको म्हणून, मामीला पुढे घालत होतो, आणि तू समोर बसून केक खात होतीस!

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर मधपाळांना थांबवलं आणि सगळं सांगितलं. तुझं नाव घेतलं. तुला विचारलं नाही. नाव न घेता सांगितलं असतं तर म्हणाले असते, क्लेमेन्सला म्हातारचळ लागलाय, कुठलं तरी ऐकीव सांगतोय. फेलित्सिया बाईंनी विचारलं, "म्हणजे ती तुझीच भाची?" म्हटलं, "माझीच. आणि तिनं स्वतः लिहून कळवलंय." सोमवारी तिघं डॉक्टरकडे गेले. बाईंचं पेन कपाटातून निघालं, ते मुदत संपलेलं होतं. त्यांनीही नवं आणलं.

काल ऊन पडलं, माश्या बाहेर आल्या. पेन विजारीच्या खिशात होतं, दुसरं मामीच्या एप्रनात. पहिली पेटी उघडायच्या आधी तीनदा खिसा चाचपला, खोटं कशाला सांगू?

ईस्टरला ये. गावात लोक तुझ्याकडे बघतील, कुजबुजतील. ते मी केलंय, आणि ते तुला सोसावं लागेल. चर्चमध्ये पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसायचं, मान वर करून. मी अजून रागावलेलो आहे, आणि तू समोर आल्याशिवाय तो राग जायचा नाही.

तुझाच,
मामा