एकटीचं फातेले

वाइतुपू, तुवालू
६ मे १९९४

तीर्थरूप आबांना लेतासीचा सा. न. वि. वि.

मी बरी आहे, पोटभर जेवते, गणितात पास आहे. पण पुढच्या जहाजाने घरी येणार आहे. रागावू नका. शाळेच्या वाढदिवसाला प्रत्येक बेटाची मुलं आपापलं फातेले नाचतात. नानुमेआची चाळीस मुलं आहेत आणि आपल्या निउलाकिताची मी एकटी. निउताओच्या मुली म्हणाल्या, तुमचं बेट म्हणजे आमचंच शेपूट, ये, मागच्या रांगेत उभी राहा. मी नाही म्हटलं तर सगळ्या हसल्या. इथे जेवायला, झोपायला, पुलाकाचे कंद खणायलासुद्धा बेटाबेटाचे घोळके असतात आणि मी कुठल्याच घोळक्यात नसते. आठवीपर्यंत शिकले तेवढं पुरे झालं.

हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे. आईला नमस्कार. मी शाळा सोडली तरी लोभ सोडू नये.

तुमची लेतासी


निउलाकिता
२७ मे

चि. लेतासीस अ. उ. आ.

तुझं पत्र नेहमीसारखं सभाघरात वाचलं. ‘फक्त तुमच्यासाठी’ हे शेवटी आलं, तेही मी मोठ्याने वाचून बसलो. तुझी आई दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. पण महिन्यातून एकदा पत्र येतं आणि बेटावरची चौतीस माणसं त्याच्यावर टपलेली असतात, मी तरी काय करणार?

शेपूट ऐकून तुझी सिनापा आत्या अशी भडकली म्हणून सांगू! आमचे आजोबा निउताओचेच, तरीही. एकटीचं फातेले होतं का, यावर दुपारभर वाद झाला. पाद्रीबाबा म्हणाले, तालासाठी लाकडी पेटी बडवायला आणि गायला माणसं लागतात. आत्या म्हणाली, माणसं मिळतील, आधी गाणं हवं. मग तिनेच ते रचलं. सोबत पाठवतोय. चाल तुझ्या आईच्या अंगाईची आहे.

आता माझं. तुझा दादा दोन महिन्यांत शाळा सोडून आला, त्याला मी बोललो नाही, तुलाही बोलणार नाही. पण आपल्या बेटावरचं कोणी अजून दहावी झालेलं नाही आणि तू व्हावीस असं मला फार वाटतं. हे पत्र तिथे उतरवून जहाज उत्तरेची बेटं करेल आणि आठवड्याने तुमच्याकडे परत येऊन इकडे फिरेल. त्यात बसायचं की नाही, ते तू ठरव.

आईचे आशीर्वाद आहेतच. उत्तर देण्याइतका लोभ असावा.

तुझा आबा, कितिओना


वाइतुपू
१३ जून

ती. आबांना सा. न. वि. वि.

शुक्रवारी मी एकटी उभी राहिले. पेटीपाशी कोणी नव्हतं. मीच गायले, मीच नाचले. पहिली फेरी कशीबशी संपली. दुसऱ्या फेरीत आत्याची ती ओळ आली, ‘आमची माणसं थोडी, म्हणून सगळ्यांची नावं पाठ’, आणि पुढे मी तुमची सगळ्यांची नावं घ्यायला लागले. तेव्हा नानुमेआच्या मुलांनी पेटी पुढे ओढली आणि बडवायला सुरुवात केली. तिसऱ्या फेरीला निउताओच्या मुली गात होत्या. वेग इतका वाढला की माझा केवड्याच्या पानांचा घागरा सुटायला आला. आईचं नाव आलं तेव्हा मला रडू फुटलं, पण पाय थांबले नाहीत. आता त्या मुली मला पुढच्या रांगेत बोलावतात. विचार करून सांगते म्हटलंय.

आत्ता भूगोलाचा तास चालू आहे आणि जहाजाचा भोंगा झालाय. ट्रंक कालपासून बांधून दारात ठेवली होती. भोंगा ऐकून मी उठले, खिडकीतून जहाज पाहिलं आणि परत बसले. सर पत्रं गोळा करताहेत, म्हणून आवरतं घेते. या जहाजाने पत्र तेवढं येतंय. लोभ दहावीपर्यंत पुरवून ठेवावा.

तुमची लेतासी