फक्कीचं घर

सोमवार, ४ नोव्हेंबर
सामान उतरवून टेम्पो गेला आणि माझ्या मालकीच्या जमिनीवर मी एकटा उभा राहिलो. छाती दोन इंच फुगली असेल. टेप लावून पाहिली नाही एवढंच. चढावरचा सपाट तुकडा, भोवती गवत, मध्ये पिठासारखी फिकट माती. शेजार नाही. फोनची रेंज पलीकडच्या टेकाडावर चढलं की मिळते.

घराचा नकाशा माझा मी काढला आहे. मेहुणा इंजिनिअर, त्याने आर्किटेक्ट गाठायचा सल्ला दिला, तोही हसत. मोटारींचं वाइंडिंग मला कुणी शिकवलं होतं? पुस्तकं आणली, शिकलो, दुकान चालवलं. घरही तसंच होईल. बायकोची एकच तक्रार: कोठीच्या खोलीला मागच्या बाजूने दार हवं, म्हणजे सामान सगळ्या घरातून फिरवावं लागणार नाही. मी नाही म्हणालो. मागची भिंत सलग हवी. तिथे दार पडलं की नकाशाचा तोल जातो. ती म्हणाली, राहणार मी, तोल मात्र तुमचा. रविवारी ती इथे राहायलाच येते आहे.

मंगळवार, ५
गवंड्याला घेऊन आखणी केली. खुंट्या, दोरी, गुण्या, मग दोरीवरून चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मी स्वतः मोजले. सूतभरही फरक नाही. दारांच्या जागी रेघ तोडली. माझी पत्र्याची खोली निजायच्या खोलीच्या आखणीतच उभी केली आहे, भिंती चढेपर्यंत तीच.

नियम एकच: रेघ म्हणजे भिंत. गवंडी विसरून आरपार चालत गेला, त्याला परत पाठवून दारातून आणला. मग तो प्रत्येक दारात मान वाकवायला लागला, चौकट डोक्याला लागेल म्हणून. टेकाडावरून फोन करून बायकोलाही नियम बजावला. जाताना गवंडी म्हणाला, मालक, घर तर झालं, आता पाहुणे तेवढे बोलवा. तो गेल्यावर मी खरंच पुढच्या दारात उभा राहिलो आणि मोकळ्या माळाकडे बघून मोठ्याने म्हणालो, या, आपलंच घर आहे. कुणी ऐकलं नाही, बरं झालं.

बुधवार, ६
सकाळी आत अनवाणी पावलं. लहान, बहुधा बाईची. पुढच्या दारातून बैठक, तिथून स्वयंपाकघर, तिथून कोठी. कुठेही रेघ ओलांडलेली नाही, फक्कीचा कणही विस्कटलेला नाही. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. मेहुण्याला नकाशा समजावून मी थकलो. या बाईला न सांगता कळला.

परतीची पावलं सापडली नाहीत. वाऱ्याने पुसली असतील. एकाच बाजूची पावलं पुसणारा वारा मी अजून पाहिलेला नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार फक्कीने बुजवलं आणि हातभर बाजूला नवं काढलं. बघू.

गुरुवार, ७
पावलं नव्या दारातून गेली आहेत.

गवंडी आला तो लांबूनच नमस्कार करत. मला विचारतो, वहिनी कधी आल्या? स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या होत्या म्हणे, हाक मारली तर कोठीत गेल्या. ती रविवारी येणार आहे, मी म्हणालो. तो हसला नाही. परवाची थापी आत राहिली होती, ती घ्यायलाही गेला नाही. तसाच परत फिरला.

शुक्रवार, ८
भर दुपारी बैठकीत खुर्ची टाकून बसलो होतो. समोरची माती दबली. टाच, मग बोटं. मग दुसरं पाऊल. दिसत कुणी नव्हतं. माझ्या खुर्चीला वळसा घालून गेलं, निजायच्या खोलीच्या दारात थांबलं. बोटं माझ्या खाटेकडे.

टेकाडावर पळालो. बायकोला म्हणालो, येऊ नकोस. कोठीचं दार द्यायला नको म्हणून ही थाप का, म्हणाली. येतेच.

मी का जाऊ? जमीन माझी. रेघा माझ्या.

शनिवार, ९
सकाळी पावलं बाहेर गेलेली. कोठीपासून पुढच्या दारापर्यंत, बोटं माळाकडे. गेली एकदाची. फक्कीची बादली घेतली आणि आत उभा राहून पुढचं दार बुजवलं. बाहेर उघडणारं दुसरं दार नाही. मीच ठेवू दिलं नाही.

दुपार
पुन्हा वाकून पाहिलं. आधीच पाहायला हवं होतं. माती टाचेकडे ओढली गेली आहे. ती बाहेर गेलेली नाही. उलटी चालत आत आली आहे.

रेघ पुसायला गेलो. हात आपटला. हवेत. ताज्या गिलाव्यासारखं गार, ओलसर. सगळीकडे चाचपलं. भिंत आहे. ओळंब्यात आहे.

रविवार
कोठीत माती सरकते, थांबते. मी बैठकीत. पाठ भिंतीला.

बायको आली. बॅग रेघेबाहेर ठेवली. हाका मारते आहे — ओठ हलतात, आवाज नाही. माझ्याकडे बघते, माझ्या आरपार. मी ओरडून ओरडून —

रेघ ओलांडत नाही. नियम माझाच. दार शोधत घराला वळसा —

मागे गेली. हसते आहे. पायाने फक्की पुसते. सलग भिंतीत. तिला हवं होतं तिथेच —

कोठीतली पावलं वळली. बोटं तिच्याकडे.

तिथे नको गं. त्या दाराआड ती उभी —

रेघ तुटली. बायकोने मान वाकवली, चौकट लागू नये म्हणून, आणि आत —