अंड्याचा बलक

बडोदे, मंगळवार, संध्याकाळ

माझी केतकी बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिच्या आहारात कोलीन नावाचं पोषणद्रव्य पुरेसं हवं, बाळाच्या मेंदूसाठी. अंड्याच्या बलकात ते भरपूर असतं. सोयाबीन, शेंगदाण्यांतही थोडं. मग तेवढ्यावर भागेल का? विचारायचं राहिलं. आमच्या घरात अंडं कधी आलेलं नाही.

रिक्षात मी म्हटलं, "तुझ्या वेळी मी कुठे बलक खाल्ला? तुझं काय बिघडलं?"

"म्हणून तर गणितात नापास झाले, आई!"

ती हसली. मीही हसले. थट्टाच होती. होती ना?

जिन्यात खालच्या ज्योत्स्नाबेन भेटल्या, डॉक्टर काय म्हणाले विचारू लागल्या. "शुं कह्युं डॉक्टरे?"

"बधुं सारुं छे," सगळं ठीक आहे, एवढंच म्हटलं. बलकाचं बोलले नाही. का नाही बोलले?

केतकीने येताना अंडी घेतली होती. तिने ती कणकेच्या डब्यामागे लपवली, मला खटकू नये म्हणून. आत्ता मीच ती पुढे, ओट्यावर काढून ठेवली. किती वेळ उकडायची, मला ठाऊक नाही. सकाळी तिला विचारीन. थट्टा होती का, ते मात्र विचारणार नाही.