नमुना क्रमांक सतराचा चेहरा काढून न टाकण्याबाबत

मुदखेड,
दि. १९ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. संचालक,
आसना शरीररचना व प्रतिमा संशोधन केंद्र,
नांदेड.

विषय : नमुना क्र. १७ (प्रौढ पुरुष, डोके व मान) याच्या त्रिमितीय प्रतिमेतून चेहरा व दोन्ही कान काढून न टाकण्याबाबत.

संदर्भ : १) कालकथित आनंदराज गजभारे यांचे देहदान संमतिपत्र.
२) अर्जदाराचे आभाराचे पत्र.
३) त्यावर आपल्या नीतिसमितीचे उत्तर.
४) डॉ. बसवराज यांच्याशी आपल्या जिन्यात झालेली तोंडी चर्चा.

महोदय,

अर्जदार ही पंचायत समिती, उमरी येथून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झालेली असून तिची हयात दुसऱ्यांचे अर्ज आवक करण्यात, त्यांवर शिक्का मारण्यात आणि ते योग्य त्या टेबलावर पोचवण्यात गेली आहे. अर्ज लांबला की तो कोणी वाचत नाही, हे तिला चांगले ठाऊक आहे. तरीही हा अर्ज लांबणार आहे, कारण थोडक्यात लिहिलेले आधीचे दोन अर्ज आपल्या कार्यालयाने तितक्याच थोडक्यात निकाली काढले. अर्जदार स्वतःस 'मी' न म्हणता 'अर्जदार' म्हणत आहे, ती कार्यालयीन सवय आहे. शिवाय 'मी' लिहिले की रडू येते, आणि डाग पडलेला कागद फाइलला लावून घेत नाहीत.

अर्जदाराचे पती आनंदराज हे मुदखेड जंक्शनला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. देहदानाचा निर्णय त्यांचा स्वतःचा. आंबेडकर जयंतीच्या शिबिरात फॉर्म भरून ते घरी आले आणि म्हणाले, "जिवंतपणी दहावीच्या पुढं जाता आलं न्हाई. आता मेल्यावर तरी कॉलेजात जाऊ की." ते हसले, अर्जदारही हसली. फेब्रुवारी २०२३ मध्ये हृदयविकाराने ते अचानक गेले, तेव्हा अर्जदाराने त्यांचा शब्द पाळला. केंद्राची गाडी दारात आली आणि त्यांना घेऊन गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी खुर्चीवर नुसता फोटो होता. भावकीतली माणसे कुजबुजत होती, एकाने तर तोंडावर विचारले, "वहिनी, माती कुठं केली मग?" माती केलीच नव्हती. अर्जदाराने मान ताठ ठेवून सर्वांना सांगितले, आणि त्याची तिला आजही खंत नाही. यंत्राने घेतलेल्या देहाच्या प्रतिमा शिक्षण व संशोधनासाठी सर्वांना खुल्या ठेवण्यास हरकत नाही, असे कलम संमतिपत्रात होते. त्याखाली नातेवाईक म्हणून अर्जदाराची सही आहे. ती वाचून केलेली आहे.

अर्जदाराची मुलगी धम्मप्रिया लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. गेल्या वर्षीच्या जुलैत वर्गाला जबड्याचे स्नायू दाखवायचे होते, म्हणून तिने आपल्या संकेतस्थळावरील नमुना क्र. १७ पडद्यावर उघडला. ही प्रतिमा बोटाने चहूबाजूंनी फिरवता येते, आणि आधी कातडी, मग स्नायू, मग हाड असे एकेक थर काढता येतात. तिने थर काढले, समजावून सांगितले, मुलांनी वह्यांत आकृत्या काढल्या. तास संपताना तिने कातडीचा थर परत चढवला आणि डोके सहज डावीकडे वळवले. डाव्या कानाची पाळी खालून फाटलेली होती. ती लहानपणी कबड्डी खेळताना फाटली होती आणि तशीच भरून आली होती. या यंत्राला केस आणि मिशी टिपता येत नाहीत. बिनमिशीचा तो चेहरा कोणाचा, हे तिला तोवर कळलेच नव्हते. संध्याकाळी फोनवर ती एवढेच म्हणाली, "आई, पोरांसमोर मी बाबाचं कातडं काढून राहिले होते गं." तो धडा आता दुसऱ्या शिक्षकाकडे आहे.

अर्जदाराचे तसे झाले नाही. तिने हट्टाने ती लिंक मोबाइलवर मागून घेतली. घरात फोटो आहेत, पण ते सगळे समोरून काढलेले, शर्टाचे वरचे बटण लावलेले. अर्जदाराने पतीला समोरून फारसे पाहिलेच नाही. उमरीची गाडी धरायला ते तिला रोज सकाळी स्कूटरवरून स्टेशनला सोडत, आणि नोकरीची सगळी वर्षे तिने मागे बसून त्यांचा डावा कान, मानेची वळी आणि गालाची कड पाहिली. घर बांधायचे ठरले ते त्या कानाशी बोलून. भांडणेही त्याच कानाशी झाली. असा फोटो कोणी काढून ठेवत नाही. तो आपल्या यंत्राने काढला. अर्जदार प्रतिमा वळवून कान पुढे आणत असे आणि दिवसभरात काय घडले ते त्यांना सांगत असे. हे वेडेपण आहे, असे टिपण आपण खुशाल ठेवावे. आपल्या वार्षिक अहवालात नमुना क्र. १७ हा सर्वाधिक वेळा पाहिला गेलेला नमुना म्हणून अभिमानाने छापला आहे. त्यातली बरीचशी भर एकट्या मुदखेडातून पडली आहे.

पुढची चूक सर्वस्वी अर्जदाराची. ज्या लोकांनी आपल्यासाठी नकळत एवढे केले त्यांना दोन ओळी तरी लिहाव्यात, असे तिच्या मनात आले. तिने आभाराचे पत्र लिहिले, की चेहरा इतका हुबेहूब उतरला आहे की आम्ही पाहताक्षणी ओळखले. खात्री पटावी म्हणून सोबत पतीचा फोटो जोडला. आभाराच्या पत्रास सरकारदरबारी कोणी उत्तर देत नाही. आपण मात्र तत्परतेने दिले. नीतिसमितीने कळविले, की देणगीदाराची ओळख पटल्यामुळे त्याच्या गोपनीयतेचा भंग झाला आहे. सबब ओळख पटवणारे भाग, म्हणजे चेहरा व दोन्ही कान, या महिनाअखेर मूळ संचातूनही कायमचे पुसण्यात येतील, आणि ज्या परदेशी विद्यापीठांनी प्रती उतरवून घेतल्या आहेत त्यांनाही तसे करण्यास सांगितले आहे. तोपर्यंत कातडीचा थर बंद ठेवला आहे.

आता अर्जदार ती प्रतिमा उघडते तेव्हा दात दिसतात. डोळ्यांच्या खोबण्या दिसतात. जबड्याचे हाड, जिभेचे मूळ, मेंदूच्या घड्या, हे सगळे जगातल्या कोणालाही, कोणत्याही वेळी, फुकट पाहता येते. बायकोला गाल मात्र पाहता येत नाही, कारण ते खाजगी आहे. अर्जदाराला याचा भयंकर राग येतो, हे नम्रपणे नमूद करते.

पहिल्या अर्जावर आपण कळविले, की देणगीदाराचे कुटुंबीय 'वापरकर्ता' या व्याख्येत बसत नाहीत. बंद थर फक्त नोंदणीकृत संशोधकास मिळू शकतो. अर्जदाराने नोंदणीचा अर्ज भरला. संशोधनाचा विषय या रकान्यात तिने 'पती' असे लिहिले. तो नामंजूर झाला. दुसऱ्या अर्जात तिने केवळ एक प्रत पेनड्राइव्हवर मागितली. त्यावर उत्तर आले, की ओळखता येणारा चेहरा कोणासही देण्यासाठी देणगीदाराची स्वतःची नव्याने लेखी संमती लागेल. महोदय, देणगीदार आपल्याच इमारतीत तळमजल्यावर आहेत. त्यांची सही घेणे अर्जदारापेक्षा आपणास जास्त सोयीचे आहे.

शेवटी अर्जदार समक्ष आली. आपण बैठकीत होता. प्रतिमा विभागाचे डॉ. बसवराज जिन्यात भेटले आणि माणुसकीने थांबले. म्हणाले, "मावशी, तुमच्यावर कुणाचा राग न्हाई. पण ओळख पटली तरच चेहरा काढायचा, असा नियम हाय. तुम्ही ओळखलंच नसतं, तर तो तसाच राहिला असता." ते वर निघून गेले. आजवर आपल्या कार्यालयाकडून मिळालेले उपयोगी मार्गदर्शन हे एवढेच होय, म्हणून ते संदर्भात घेतले आहे.

त्याप्रमाणे पुढील कार्यवाही करण्यासाठी अर्जदाराने मुलीचीही सही मागितली. ती म्हणाली, "आई, पुसू दे आता त्या लोकांला. आन् बाबाला ओळखत न्हाई, असं माझ्या हातून लिहिणं व्हायचं न्हाई." तिचे कदाचित बरोबर असेल. परंतु ओळखल्याचे पत्र एकट्या अर्जदाराने दिले होते, तेव्हा ते मागेही एकट्या अर्जदारानेच घ्यायचे आहे. अर्जदार रोज सकाळी पंचशील म्हणते. त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. उद्यापासून ते म्हणताना तिला लाज वाटेल, आणि तरी ती हा अर्ज देत आहे.

सबब मी याद्वारे, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना, लिहून देते की, नमुना क्र. १७ हा इसम माझ्या ओळखीचा नाही. कानाची पाळी पुष्कळांची फाटते. आभाराचे पत्र वयोमानामुळे गैरसमजातून लिहिले गेले, ते रद्द समजावे. त्यास जोडलेला फोटो दुसऱ्याच माणसाचा आहे. या अर्जात जेथे जेथे 'पती' असा शब्द आला आहे तेथे तेथे 'अनोळखी इसम' असे वाचावे. त्याची ओळख कोणासही पटलेली नसल्याने चेहरा काढण्याचे कारण उरलेले नाही, तरी तो होता तसा ठेवावा, ही विनंती. सदर इसमाचे अवशेष मागण्याचा, किंवा त्याच्याबद्दल काही विचारण्याचा अधिकार यामुळे मला राहणार नाही, हे मला समजते व मान्य आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
पंचशीला गजभारे
(मधले नाव लिहिलेले नाही.)