चंद्रिकेचे माहेरचे नाव

अंबरनाथ (पूर्व)
शुक्रवार, डिसेंबर १९९६

ती. चिंतामणराव यांना विष्णूचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून, नमस्कार.

आपली व सुहासिनीवहिनींची प्रकृती बरी असावी. आपल्या गुडघ्याला बेलवलीची थंडी मानवत नाही असे ऐकतो. तिळाचे तेल चोळत जावे. माझी प्रकृती उत्तम आहे, असे लिहिण्याचा रिवाज आहे म्हणून लिहितो. कुमुदिनी माहेरी तुमच्याकडे आली आहे ती निव्वळ हवापालटासाठी, असे मी शेजारी सांगितले आहे. (शालनताईंनी विचारले, "अंबरनाथहून बदलापूरला कसली हवा पालटते?" एमआयडीसीचा वास तिकडे जरा उशिरा पोचतो, एवढेच मला सुचले.) ती परत यावी म्हणून हे पत्र आहे. पण ती का गेली हे नीट कळायचे तर सुरुवात कंपनीतल्या टेपपासून करावी लागेल. तेल चोळता चोळता वाचलेत तरी चालेल.

निवृत्तीनंतर आमच्या रंगाच्या कंपनीने मला अर्धवेळ ठेवून घेतले, हे आपण जाणताच. काम एवढेच, की संध्याकाळी संगणकाच्या खोलीतल्या मोठ्या मशीनमध्ये, त्याला सर्व्हर म्हणतात, टेप सरकवायची. प्रयोगशाळा, हिशेब, गोदाम अशा खात्यांत युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारी धाकटी मशीने आहेत. माणसे घरी गेली की सर्व्हर वायरीवरून एकेकीला हाक मारतो, तिने दिवसभर साठवलेले मागून घेतो आणि टेपवर उतरवून ठेवतो. याला बॅकअप म्हणतात. आमच्या शाळेत हे काम शिवराममास्तर करीत. पुस्तक हरवले तर चालेल, कविता हरवता कामा नये, असे म्हणून ते सगळ्या वर्गाकडून चालीवर घोकून घेत. माझे पुस्तक पुढे गाईने खाल्ले, पण कविता आजही शाबूत आहेत. आंघोळीच्या वेळी आमच्या भिंतीपलीकडे त्या कोणालाही तपासता येतील. (गाईचे पुढे काय झाले ते माहीत नाही.)

तर या मशीनांना नावे लागतात. कॉलनीतल्या निम्म्या पोरांची नावे माझ्याच सल्ल्याने ठेवलेली, म्हणून आमचे संगणकाचे अधिकारी जयदेव (हे उल्हासनगरचे, बोलण्यात हिंदी फार) मला म्हणाले, "काका, नावं तुम्हीच टाका. मला तर एबीसीच्या पुढे काय सुचत नाय." मी मालती, शेफाली, वासंती अशी नावे दिली. सगळे सुरळीत होते. मग प्रयोगशाळेतल्या मालतीची बदली गोदामात झाली. ढकलगाडीवर बसून ती पटांगणातून चालली तेव्हा माझे मन भरून आले. एक घर सोडून दुसऱ्या घरी निघालेली, आणि तिचे कोणी काहीच करू नये? मी कँटीनमधून ताट आणि तांदूळ आणवले, गोदाम सांभाळणाऱ्या आनंदची अंगठी घेतली आणि तांदळात रीतसर नवे नाव लिहिले, चंद्रिका. मग मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ते मशीनमध्येही भरले. पेढे वाटले. गेटवरच्या सोमाला दिले, कँटीनमध्ये दिले, आम्लाचा टँकर घेऊन आलेल्या परक्या ड्रायव्हरलाही दिले. सर्व्हरला सांगायचे तेवढे राहिले. लग्नघरात असे एखादे बोलावणे राहतेच.

दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या छापील कागदावर एकच रड : मालतीचा बॅकअप फसला. जयदेवांनी उंदरांवर संशय घेऊन केबल बदलली. टेप बदलली. टेप चालवणाऱ्या यंत्राचे डोके स्पिरिटने पुसले. गोदामातल्या आनंदने आपल्याकडून लिंबूमिरची बांधली. काही उपयोग नाही. तिला वायरीवरून नुसती हाक मारली तर ती लगेच ओ देई. "जिंदा आहे काका, एकदम जिंदा! मग बॅकअपलाच काय नखरा?" असे म्हणत जयदेव शेवटी तिच्यासमोर स्टूल टाकून बसले आणि त्यांनी तिलाच तिचे नाव विचारले. तिने खरे ते सांगितले.

जयदेव माझ्याकडे वळले. "काका, ये चंद्रिका कौन है?"

मी सगळा सोहळा कौतुकाने सांगितला. त्यांनी कपाळाला हात लावला. "सर्व्हर मालतीला बोलावतो. जी ओ देते ती म्हणते, मी चंद्रिका. सर्व्हर बोलतो, बाई, मी तुला ओळखत नाय, तुझं सामान आपण घेणार नाय. बरोबरच आहे ना त्याचं? लग्न लावून दिलंत, आणि बापालाच खबर नाय!"

उपाय अगदी साधा निघाला. कोणत्या नावाचा पत्ता कोणता, हे सर्व्हरजवळ एका फायलीत असते. तिथे जयदेवांनी एकाच पत्त्यासमोर, एकाच ओळीत, तिची दोन्ही नावे लिहिली. कोणत्याही नावाने बोलवा, येणारी तीच. पुढच्या सकाळी कागद स्वच्छ.

ही हकीकत मी घरी रंगवून सांगितली. कुमुदिनी मेथी निवडत होती. मी हसलो, ती हसली नाही.

"तिला विचारलं होतंत, नाव बदलू का म्हणून?"

"अगं, ते मशीन आहे."

"आणि मी कोण होते?"

चिंतामणराव, तुमच्याच दारच्या मांडवात मी पद्मजेची कुमुदिनी केली. चांदण्यात उमलणारे नाव, शाळेतल्या कवितांनी डोक्यात भरवलेले. मंडळींनी वाहवा केली, आपणही केलीत. तिने मान खाली घातली होती. ते मी लाजणे धरून चाललो. परवा सकाळी मेथी निवडून, धुऊन, फडक्यात गुंडाळून ठेवून ती पिशवी घेऊन निघाली. मी फोन केला, "कुमुदिनी आहे का?" वहिनी म्हणाल्या, "इथं त्या नावाचं कोणी राहत नाही," आणि ठेवला. पुन्हा केला, पुन्हा तेच. मी जयदेवांना लक्षणे सांगितली. ते म्हणाले, "लाईन चालू आहे, समोरून ओ येते. काका, केबलला हात लावू नका. नाव चेक करा."

वहिनींना नमस्कार. त्यांच्यावर राग नाही. सर्व्हर असाच कडक असावा लागतो.

आपला,
विष्णू

ता. क. : खरे काम राहिलेच. आमच्या दारावरच्या पाटीवर आजवर माझे एकट्याचे नाव होते. पालेगावच्या जनू पेंटरला बोलावून नवी पाटी करायला घेतली आहे. तिची दोन्ही नावे एका ओळीत येतील. माझे त्या ओळीत मावत नाही, ते खाली, बारीक अक्षरांत. "आधी कोनचं टाकू, पंत?" असे जनू विचारतो आहे. ते तिला विचारून कळवावे. उत्तर येईपर्यंत थांबायला त्याची हरकत नाही. पायरीवर बसला आहे. चहा मात्र सारखा लागतो.

ता. क. दुसरा : पत्र टपालात टाकायला निघालो, तो कोपऱ्यावर फोनचे बूथ दिसले आणि राहवले नाही. "पद्मजा आहे का?" म्हणून विचारले. वहिनी लगेच "देते" म्हणाल्या. तिकडून तिने विचारले, "कोण?" इतक्या वर्षांत तिने माझे नाव उखाण्याबाहेर घेतलेले नाही, तेव्हा ते सांगून उपयोग नव्हता. मी म्हणालो, "अहो बोलतोय." तिने फोन ठेवला नाही. (जोडणी तुटली नाही की निम्मे काम झाले, असे जयदेव म्हणतात.) मी पाटीचे सांगितले. ती म्हणाली, "आधी गोदामातल्या त्या बाईला विचारून या, तिला कोणतं नाव हवंय ते. तिनं सांगितलं की मी माझं सांगते. आणि पाटी सरळ लागली का, ते बघायला येते."

तेव्हा आपण आता विचारू नये, मीच निघालो आहे. आज शुक्रवार, एमआयडीसीला सुट्टी. मशीनला एक खाजगी प्रश्न विचारायचा आहे, असे सांगितले तर गेटवर सोमा आत सोडील असे वाटत नाही. पण पेढा त्यानेही खाल्ला आहे.