येथे ट्रायल रूमची गरज नाही

४ फेब्रुवारी
आई स्टुलावरून पडली. वरच्या फळीवरचा खोका काढत होती. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, प्लेट बसवली, आता वर घरात आडवी आहे. घर वर, दुकान खाली, मध्ये बाहेरून जिना. त्या जिन्याला डॉक्टरांची महिना-दीड महिना बंदी.

दुकानाच्या किल्ल्या आज तिनं माझ्या हातात दिल्या. म्हणाली, रोज उघड, झाडून घे, कोणी आलं तर सांग की मी बरी होईपर्यंत थांबा. बिचारी. बाबा रे, आता तूच सांभाळ, हे सरळ म्हणायला तिला जड जातंय.

५ फेब्रुवारी
दुकान बायकांच्या आतल्या कपड्यांचं. आईनं एकटीनं उभं केलं. शाळेतून आलो की काउंटरखाली बसून मी गृहपाठ करायचो, एवढाच माझा या धंद्याशी संबंध. पण संस्कार होतातच.

संकल्प: निदान या वहीत शब्द स्पष्ट लिहायचा. ब्रा. लिहिला. काही झालं नाही. दुकानात मात्र 'प्रॉडक्ट' म्हणायचं.

पाइप फिटिंगच्या कंपनीत वीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला काढली आहेत. आतलं माप, बाहेरचं माप, गळती शून्य. ब्रा काही याहून अवघड नसणार.

७ फेब्रुवारी
इंटरनेटवर अभ्यास. थक्क झालो. निम्म्याहून अधिक बायका म्हणे चुकीच्या मापाची ब्रा घालतात. पट्टा सैल आणि कप लहान. भार खांद्यांनी पेलायचाच नसतो, छातीखालच्या पट्ट्यानं पेलायचा असतो. पट्टा पाठीवर वर सरकला की समजावं, सैल आहे. दोन मापं घ्यायची, वजाबाकी करायची, वजाबाकीवरून A, B, C, D. संपलं!

आणि आई? एका बाईला पाच-पाच ब्रा घालून बघायला द्यायची. तासभर खुसखुस, हसणं. सिस्टीम म्हणून नाहीच.

एवढं मोठं मार्केट आणि शास्त्र जाणणारा कोणी नाही. दुपारी कंपनीला राजीनामा पाठवला. बायकोला वाटतंय मी रजेवर आहे. उद्या सांगतो.

८ फेब्रुवारी
सांगितलं नाही. तिच्या शाळेत परीक्षा चालू आहेत. शिक्षकांना अशा वेळी त्रास देऊ नये.

१० फेब्रुवारी
दुकानाच्या मागच्या कोपऱ्यातली ट्रायल रूम काढून टाकली. म्हणजे एक पडदा, एक उभा आरसा आणि ते गुन्हेगार स्टूल. माप बरोबर असेल तर घालून बघायचं कशाला? हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्या जागी टेबल, कॉम्प्युटर आणि समोर खुर्ची. कन्सल्टेशनसाठी. काचेवर बोर्ड लावला: 'येथे ट्रायल रूमची गरज नाही'.

आईला बोर्डाचं सांगितलं. तिनं खिडकीकडे बघितलं. मग म्हणाली, पडदा वर आण, खिडकीतून ऊन येतं. आणि आरसाही आण, केस विंचरायला बरा. आरसा माझ्याहून उंच आहे. जिन्यावरून नेताना पाठीत उसण भरली. पण आईचं मन मोडवत नाही.

१२ फेब्रुवारी
दुकानाचा पहिला खरा दिवस. टपाल वाटणाऱ्या बाई आल्या. मला बघून दारातच थबकल्या. आई नाहीत का? म्हटलं, मी आहे ना, बसा. त्या बसल्या नाहीत. त्यांनी एक हातरुमाल घेतला. जाता जाता विचारलं, आईंना भेटलं तर चालेल का? म्हटलं, अवश्य.

मग पोहायला शिकवणाऱ्या बाई. हातरुमाल. मग एक आजी आणि तिची नात. दोन हातरुमाल.

निरीक्षण: हातरुमालांना अनपेक्षित मागणी.

१४ फेब्रुवारी
टपालवाल्या बाईंना आज खुर्चीत बसवण्यात यश. माप विचारलं. त्या अगदी हळू म्हणाल्या, छत्तीस B. मी चार प्रश्न विचारले, कॉम्प्युटरवर हिशेब केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं की तुम्ही बत्तीस D आहात. तेवढ्यात समोरचा केमिस्ट सुट्टे पैसे मागायला दारात आला होता. त्यानं ऐकलं. बाईंनी रुमाल घेतला.

नाचता येईना अंगण वाकडं. शास्त्र ऐकून घ्यायची मानसिक तयारीच नाही आपल्या समाजाची.

१५ फेब्रुवारी
डमी आणली. कमरेपर्यंतची, डोकं नसलेली. काउंटरवर ठेवली आहे. हिशेब केला, ब्रा चढवली, एक सुरकुती नाही. पट्टा सरळ रेषेत. म्हणजे पद्धत अचूक आहे, गिऱ्हाईक चुकतं आहे.

१७ फेब्रुवारी
बायकोचं माप घेतलं. ती स्वयंपाकघरात उभी होती, अंगात जाड स्वेटर. स्वेटरावरूनच घेतलं आणि जाडी वजा केली. वीस वर्षांचा अनुभव असा उपयोगी पडतो. टेप घट्ट ओढली, गळती नको. उत्तर: बत्तीस D. ती म्हणाली, आमच्या शाळेत D मिळाला तर पालकांना बोलावतात. मी हसलो नाही. स्टॉकमधली उत्तम ब्रा दिली.

१८ फेब्रुवारी
बायको शाळेतून आल्यावर विचारलं, कशी आहे? म्हणाली, छान आहे. ताठ बसून म्हणाली. पूर्वी पोक काढून बसायची. पोश्चर सुधारलं!

माझं पहिलं समाधानी गिऱ्हाईक. (डमी धरली तर दुसरं.)

राजीनाम्याचं सांगणार होतो, पण इतक्या चांगल्या दिवशी नको.

२१ फेब्रुवारी
आईला भेटायला बायकांची रीघ लागली आहे. दुकानात येतात, रुमाल घेतात, वर जातात, तासाभरानं उतरतात. उतरताना किती टवटवीत दिसतात! आजाऱ्याला भेटून माणूस इतकं खूश होतं हे मी प्रथमच पाहतो आहे. वर गेलो तर आईच्या उशाशी रुमालांची चळत. आजाऱ्याला फळांऐवजी रुमाल न्यायची नवी पद्धत दिसते. घाऊक व्यापाऱ्याला आणखी दहा डझन सांगितले.

आई म्हणाली, पडून पडून कंटाळा येतो, चार खोके वर आण, जुना माल निवडत बसेन. नेले. संध्याकाळी म्हणाली, आणखी आण. तिचा जीव अजून दुकानात अडकलाय. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

केमिस्ट म्हणाला, तुमच्याकडे गर्दी वाढली हो. मी म्हटलं, सिस्टीम.

२४ फेब्रुवारी
आत्मपरीक्षण. गर्दी आहे, पण खुर्चीत कोणी बसत नाही. संवाद कमी पडतोय. आई काय बोलायची ते आठवायचा प्रयत्न केला आणि एकदम आठवलं. काउंटरखाली बसलेलो असताना पडद्याआडून तिचा प्रश्न नेहमी ऐकू यायचा: घरी गेल्यावर पहिलं काय काढतेस गं, चपला की हे? 'हे' असं उत्तर आलं की माप चुकलेलं. हीच तिची गुरुकिल्ली!

मी पुरुष असल्यामुळे प्रश्नाचा दुसरा भाग शोभणार नाही. तो गाळायचा.

२५ फेब्रुवारी
दाताच्या डॉक्टरीणबाई आल्या. शिकलेल्या, शास्त्र जाणणाऱ्या. मी अदबीनं उभा राहून विचारलं, घरी गेल्यावर तुम्ही पहिलं काय काढता?

त्यांनी तीन रुमाल घेतले.

२६ फेब्रुवारी
दाढ दुखते आहे. खालची, उजवीकडची. गावात दाताचं दुसरं कोणी नाही.

२८ फेब्रुवारी
दाढ. लवंग ठेवली. मिठाच्या गुळण्या केल्या. बायको म्हणते, डॉक्टरीणबाईंकडे जा. म्हटलं, शरीर स्वतःला बरं करत असतं. ती म्हणाली, तुम्हाला काही बोलल्या का त्या? मी म्हटलं, नाही, मीच बोललो.

दुकान रिकामं. डमीच्या अंगावरची ब्रा बदलली.

२ मार्च
बायको घरी आली की हल्ली तडक आईच्या खोलीत जाते, बाहेर येते ती खांदे चोळत. मी विचारलं, खांदे दुखतात का? म्हणाली, फळ्यावर लिहून. शाळेनं फळे जरा खाली लावायला हवेत.

आज मी एकटा होतो तेव्हा मनात आलं की आपलं काही चुकत तर नाही? भीती वाटली. नोकरी गेली, म्हणजे मीच सोडली, आणि आई उभी राहिली की किल्ल्या परत मागेल. त्याच्या आत एका तरी बाईनं या दारातून नीट बसणारी ब्रा घेऊन जायला हवी. एकीनं. मग वाटलं, दाढ दुखत असताना असे विचार येणारच.

५ मार्च
गार पाणीही सोसेना. शरण गेलो.

डॉक्टरीणबाईंनी मागचं काही काढलं नाही. इंजेक्शन दिलं, दाढ कोरली, सिमेंट भरलं. मग एक निळा कागद दिला, चावा म्हणाल्या. उंच वाटतंय? थोडं घासलं. आता? पुन्हा घासलं. आता चावून बघा. आता? असं निदान दहा वेळा. इतकं शिकूनही माप म्हणून नाहीच! सारखं आपलं पेशंटला विचारायचं. शेवटी मी मान हलवली की आता दाढ आहे हेच जाणवत नाही. त्या म्हणाल्या, मग बसलं.

निघताना म्हणाल्या, आईंना सांगा, करडी अगदी बरोबर बसली. आणखी दोन काढून ठेवायला सांगा, उद्या वर येऊन नेते.

करडी काय? कुठे बसली? विचारणार होतो, पण जीभ आणि अर्धं तोंड बधिर. नुसतं 'ऑं' झालं.

दुकान बंद ठेवून गेलो होतो. उघडायच्या आधी आईला निरोप द्यावा म्हणून जिना चढायला लागलो, तर पायऱ्यांवर बायका बसलेल्या. पोहण्याच्या बाई, टपालवाल्या बाई, आणखी दोघी. प्रत्येकीच्या हातात माझ्याकडून आधी घेतलेला रुमाल. पाय जवळ घेऊन त्यांनी मला वाट दिली. टपालवाल्या बाई एवढंच म्हणाल्या की आत कोणीतरी आहे, थांबा.

थांबलो. आईच्या खोलीचं दार लोटलेलं. आतून तिचा आवाज आला, पूर्वीसारखाच. घरी आल्यावर पहिलं काय काढतेस गं, चपला की हे?

आणि माझ्या बायकोचा आवाज आला. ती म्हणाली, काढता कुठे येतं, आई? हे विचारतात कशी आहे, मी म्हणते छान. झोपेपर्यंत घालून बसते. कंपनीतून फोन आला होता, नोकरी सोडलीये त्यांनी. एवढं एकच गिऱ्हाईक आहे त्यांना, तेही कसं तोडू? तुम्ही नका हं सांगू.

आईनं खोका उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, ही घाल. हात वर कर. वाक पुढे. काचतेय? काढ. ही बघ. बायको म्हणाली, तुम्हाला म्हणे नुसत्या नजरेनं कळतं. आई हसली. मला काही कळत नाही गं. मी पाच देते, तू चार परत करतेस. घातलीये हे जिच्यात विसरशील ती तुझी.

मला दार ठोठावून काहीतरी म्हणायचं होतं. ओठ हलेना. गालावरून लाळ ओघळत होती आणि ती मला कळतही नव्हती. टपालवाल्या बाईंनी आपला रुमाल पुढे केला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि कळसा वर नेऊन ठेवणारा मीच. पडदा, आरसा, खोके, सगळं मीच वाहिलं. पाठ अजून दुखते.

मी खाली आलो. शटर उघडलं नाही. आत अंधारात डमीसमोर बसलो. रडलो थोडासा. अर्ध्याच चेहऱ्यानं रडता आलं.

७ मार्च
बोर्ड काढला.

आईला विचारलं, मला आधीच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, उघड, झाडून घे, आणि थांबायला सांग. मग म्हणाली, तू काही टाकाऊ नाहीस, फक्त तिथे तुझं माप नाही. आता वाईट वाटून घेऊ नकोस, वरच्या फळीवरचे खोके काढायला मला उंच माणूस लागतोच.

बायकोला आज राजीनाम्याचं सांगितलं. अगंबाई, खरंच? म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला. आश्चर्य तिनं फार छान केलं. मी पण तिला कळू दिलं नाही.

१२ मार्च
आई वॉकर घेऊन चार पावलं चालली. पडदा-आरसा वरच राहणार, ती म्हणते वर उजेड चांगला आहे. खाली माझ्याकडे हातरुमाल. दहा डझन आले. डमीच्या खांद्यावर एक घालून ठेवला, बरा दिसतो.

संध्याकाळी चहाला वर गेलो. बायको शाळेतून आली. मी काही विचारलं नाही, नुसतं बघत होतो.

तिनं पर्स ठेवली. खुर्चीत अगदी मागे रेलून बसली. आणि चपला काढल्या.